धान्याची बेगमी आहे, आजाऱ्याची नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'साथ आली तर घरात काय हवं' अशी यादी आली होती. डबाबंद भाज्या, चौदा दिवसांचं बाटलीबंद पाणी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, सॅनिटायझर, अँटिबायोटिकच्या गोळ्या. ज्या घरासाठी ही यादी लिहिली ते घर आमच्या उदगीर-देवणीकडं मला तरी कुठं दिसलं नाही. मी आरोग्यसेविका होते, आधी बीड जिल्ह्यात, मग लातूर जिल्ह्यात. सगळी नोकरी उपकेंद्रावर गेली. लेकरांच्या कार्डावर तारखा टाकायच्या, रांजणात बॅटरी मारून अळ्या बघायच्या, बाळंतिणीच्या खाटेपाशी बसून तिची सासू काय खायला देते ते विचारायचं. त्यामुळं इथल्या घरात पुढच्या दारापासून न्हाणीपर्यंत काय असतं आणि काय नसतं, हे मला पाठ आहे.

'सिस्टर, परत तसलं काही येईल का हो?' असं बायका अजून विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं करोनाची आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचं जाहीर केलं आणि आपण मास्क गोधडीच्या चिंध्यांत टाकून मोकळे झालो. पण जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या बर्ड फ्लूनं मेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये आमच्या उदगीर शहरात कावळे पडले, तेही त्याच रोगानं. हा रोग आजवर तरी माणसाकडून माणसाकडं सहज पसरलेला नाही, नीट शिजवलेल्या कोंबडीनं किंवा अंड्यानं तो होत नाही, हे खरं. घाबरवायचा माझा हेतू नाही. मेलेल्या पाखराला लेकरांनी हात लावू नये आणि १९६२ वर पशुसंवर्धनवाल्यांना कळवावं, एवढं केलं तरी पुरे. पण पुढची साथ कुठून, कोणत्या रूपात येईल हे माहीत नसताना घरानं काय करून ठेवावं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर दुकानातल्या सामानात फार थोडं आहे.

खाण्याच्या बाबतीत आमच्या घरांना कुणी शिकवायची गरज नाही. सुगी झाली की ज्वारी कोठीत जाते, तुरीची डाळ करून डब्यात भरली जाते. चैत्र-वैशाखात माळवदावर शेवया, कुरडया, पापड, सांडगे, खारोड्या वाळतात. वर्षाचं तिखट, येसर, मेतकूट, लोणचं. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा शहरात दुकानांपुढं रांगा लागल्या, आमच्या वाडीत धान्यासाठी कुणी दारात आलं नाही. अडलं ते पिठावर. गिरणी चालवणारा पोरगा शेजारच्या गावचा, आणि त्या गावानं रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केलेली. कोठी भरलेली आणि भाकरीला पीठ नाही! ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात लवकर कडवट होतं, म्हणून कुणी महिनाभराचं दळून ठेवत नाही, ते बरोबरच आहे. पण गिरणीशिवाय शिजेल असं काहीतरी घरात हवं: तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, भरडलेल्या कण्या. तापातून उठलेल्या माणसाला तसंही भाकरीपेक्षा कण्या-ताक किंवा पातळ खिचडीच जाते. ज्यांनी आजीचं जातं तुळशीपाशी शोभेला मांडलं आहे त्यांनी त्याचा खुंटा ठोकून बसवून घ्यावा, दोन्ही दगडांना टाकी मारून घ्यावी.

गॅसची दुसरी टाकी नसेल तर तुराट्या-पऱ्हाट्या असतातच. फक्त एक: ज्याला दम लागतोय त्याच्या खोलीत चुलीचा धूर जाता कामा नये. चूल मागच्या अंगणात मांडायची जागा आधीच बघून ठेवावी.

बाटलीबंद पाण्याची ओळ वाचून मात्र मला हसू आलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपणच पहिल्या पानावर छापलं असेल. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात साथीचं पाणी म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे. आजाऱ्याचे कपडे, त्याची अंघोळ, संडास आणि दर खेपेला हात धुणं, याला पाणी लागतं. मदतछावण्यांच्या मोजमापात माणशी रोज किमान १५ लिटर धरतात. सहा माणसांच्या घराला दिवसाला ९० लिटर झालं, चौदा दिवसांचं १२६० लिटर. म्हणजे दोनशे लिटरचे सहा ड्रम भरूनही थोडं कमीच. ज्यांच्या घरी हौद किंवा सिंटेक्सची टाकी आहे त्यांचं भागेल. दोन ड्रमवर घर चालवणाऱ्या बाईचं नाही. तिनं शेजारच्या बोअरवाल्याशी आत्ताच बोलून ठेवावं, आणि बोअरवाल्यानंही विचार करून ठेवावा की वीज नसेल त्या दिवशी काय. गावातला हापसा दुरुस्त आहे का, हे बघणं म्हणूनच साथीची तयारी आहे. आमच्या वाडीत बोअर वाढले तसा हापशाचा दांडा कुणी कोठ्याच्या दाराला अडसर म्हणून नेला.

पाणी साठवलं की दुसरं दुखणं उभं राहतं, आणि यात माझी निम्मी नोकरी गेली म्हणून जरा सविस्तर लिहिते. डेंगीचा डास घाणीत होत नाही, आपल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात होतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासा, उलटी घाला, असं आम्ही सांगत हिंडायचो. बायका म्हणायच्या, 'सिस्टर, आठ दिवसानं पाणी येतंय, आन् तुमी ओतून दे म्हणूलालाव!' त्यांचंही चूक नव्हतं. ओतायची गरज नाही. जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यानं ड्रमचं तोंड घट्ट बांधा, हौदात गप्पी मासे सोडा, आणि रांजण रिकामा होईल त्या दिवशी आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. कूलरची टाकी तर कुणाच्या ध्यानातच नसते. एका साथीसाठी पाणी भरून ठेवायचं आणि त्यातूनच डेंगी घरात आणायची, असं होऊ नये.

हात धुण्याला वाहतं पाणी लागतं, तांब्याला आजाऱ्याचाच हात लागला तर धुऊन उपयोग काय? तेलाचा पाच लिटरचा कॅन घ्या, बुडाशी खिळा तापवून भोक पाडा, भोकात काडी घाला, न्हाणीजवळ खुंटीला टांगा. काडी काढली की धार, घातली की बंद, धार काय ती दोऱ्याएवढी. साबणाची वडी शेजारी जाळीत. सॅनिटायझरपेक्षा हे स्वस्त आणि बऱ्याच वेळा चांगलं. हात शेणामातीचे असले तर सॅनिटायझर कामच करत नाही.

संडासाला आणि ओकारीच्या जागेला ब्लीचिंग पावडर लागते. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम चांगली पावडर म्हणजे साधारण एक टक्का क्लोरीनचं द्रावण होतं. 'चांगली' म्हणजे झाकण घट्ट लावून ठेवलेली, जिला अजून झोंबणारा वास आहे ती. ग्रामपंचायतीच्या खोलीत उघड्या पोत्यात पडलेली पावडर असते ती बहुधा नुसता चुना झालेली असते. आणि ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू माणसाला गुदमरवतो.

आता औषधं. आपल्या यादीत अँटिबायोटिकच्या गोळ्या घरात ठेवा असं छापलं आहे, ते कृपा करून पुढच्या रविवारी दुरुस्त करावं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड तालुक्यातल्या मामल्यात उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि गाठीच्या प्लेगचा संशय आला. आदल्या वर्षीच ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला, माणसं आधीच हबकलेली. मी तेव्हा बीड जिल्ह्यातच होते. पुढं सप्टेंबरात सुरतेत प्लेग निघाला, तिथून माणसं रेल्वेगाड्या भरभरून पळाली, आणि शहराशहरांतल्या दुकानांतून टेट्रासायक्लिन, म्हणजे प्लेगवर चालणारं अँटिबायोटिक, गायब झालं. ज्यांना काहीच झालं नव्हतं ते मूठभर गोळ्या खाऊन बसले. सत्तावीस वर्षांनी, २०२१ च्या एप्रिलात, रेमडेसिव्हिरचं तेच झालं. ते औषध दवाखान्यात शिरेतून द्यायचं, घरी त्याचा काही उपयोग नव्हता, तरी माणसं चिठ्ठी घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, दागिने मोडले. त्याच काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घरच्या घरी घेतलेले, साखर वाढलेले लोक काळ्या बुरशीनं डोळे गमावून बसले. प्रत्येक साथीला अशी एक जादूची गोळी भेटते. घरात ती साठवायची नाही. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि जिथं चालतं तिथं कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टरनं ठरवायचं असतं.

साठवायच्या त्या रोजच्या गोळ्या. आमच्याकडं आता घरटी एक तरी माणूस बीपीचा नाहीतर साखरेचा आहे. सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळतात. बहुतेक म्हातारी माणसं शेवटची गोळी संपली की एसटीनं जातात. २०२० मध्ये एसटी थांबली आणि गोळ्या थांबल्या. करोना शिवलाही नाही अशी माणसं त्या उन्हाळ्यात अर्धांगानं पडलेली मी बघितली. पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणायच्या, एवढी सवय लावली तरी घराची निम्मी तयारी झाली. फिट येणाऱ्याच्या, क्षयाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या तर एकही दिवस तुटू नयेत. जुन्या पाकिटांवरची नावं कापून एका वहीत चिकटवा, कारण 'ती पांढरी बारकी, सकाळची' असं सांगून दुसऱ्या दुकानातला माणूस काय देणार?

इन्सुलिनवाल्यांचं अवघड आहे. चालू कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते, पण ती खोली तीस अंशांच्या आतली. आमचा मे चाळिशीच्या वर. वीज गेली की फ्रीजचं कपाट होतं. मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरायची, आतल्या मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत कुपी ठेवून वर ओलं फडकं टाकायचं, वाळू सुकू द्यायची नाही. फ्रीजइतकं गार होत नाही, पण माठातल्या पाण्याइतकं होतं आणि कुपी वाचते. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

बाकी डब्यात पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, तापमापक, थोडे चांगले मास्क. लेकराला गोळी किती हे वजनावर ठरतं, मोठ्याची अर्धी मोडून देऊ नये. त्याचं वजन आणि मात्रा आशाताईकडून लिहून घ्यावी. ताप कशाचा आहे हे कळेपर्यंत ॲस्पिरिन देऊ नये, डेंगी असला तर रक्त जातं. ओआरएस संपलं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा. मीठ अंदाजानं जास्त पडलं तर लेकराला घातक ठरतं, म्हणून चमचा तोच ठेवायचा, मूठ-चिमूट नको.

आजाऱ्याला ठेवायचं कुठं, यावर आमच्याकडं कुणी बोलत नाही. 'वेगळ्या खोलीत ठेवा' हे छापायला सोपं आहे. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, त्यात सात माणसं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली तापाच्या माणसाला कोंडलं तर साथीआधी उष्माघातच त्याला नेईल. आमची आजी मानमोडीच्या गोष्टी सांगायची, म्हणजे १९१८ चा तो ताप, आणि त्याआधीच्या प्लेगच्याही. उंदीर पडले की गाव उठायचं आणि रानात खोप्या घालून राहायचं. म्हाताऱ्या माणसांना वारं आणि अंतर यांचं मोल कळत होतं. २०२० मध्ये पुण्या-मुंबईहून आलेली पोरं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, राहिली ती त्याच समजुतीनं, आणि ते बरंच झालं. पण आखाड्यावर साप-विंचू असतो, रात्री फोन लागत नाही. जिथं कुणी हाकेच्या अंतरावर नाही तिथं आजारी माणूस एकटा ठेवायचा नाही. धडधाकट पोरांना तिकडं पाठवा आणि आजाऱ्याला घरी ओसरीवर घ्या. ओसरी, पडवी, रात्री माळवद, दुपारी निंबाखाली बाज. हवा खेळती असली की श्वासातून पसरणारा रोग पातळ होतो, हे करोनानं शिकवलं. आधी सगळे पुसापुशीत रमले होते, हवेकडं लक्ष नंतर गेलं.

कूलरबद्दल एक सांगते. खिडकीत बाहेरून बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवलं तर खोली धुऊन निघते. तोच कूलर खोलीत आत ठेवून दारं लावली तर आजाऱ्याचा श्वास सगळ्यांना फिरवून देतो. संडास एकच असेल तर आजाऱ्यानं सगळ्यांच्या नंतर जावं, झरोका उघडा असावा, मागाहून पाणी आणि ब्लीचिंग. त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवायचं ते दहा दिवसांपुरतं. नंतर ते धुऊन मांडणीत परत गेलं पाहिजे. करोना होऊन गेलेल्या एका जावेची ताटली वर्षभर गोठ्यात ठेवलेलं घर मला ठाऊक आहे, आणि त्या घरात शिकलेली माणसं होती.

आता ज्याबद्दल मला खरंतर लिहायचं होतं ते. आजाऱ्याचं करणार कोण? उत्तर ठरलेलं आहे: घरातली बाई. आणि तीच पडली तर? तेव्हा घर तीन दिवसांत विस्कटतं. पोरांना चहा करता येत नाही, नवऱ्याला डाळ कुठल्या डब्यात आहे ते माहीत नाही, म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही. यातलं म्हशीचं कुणी ध्यानात घेत नाही, पण दोन म्हशींवर ज्यांचं घर चालतं त्यांना विचारा. धार काढणारी बाई तापानं फणफणली की कास फुगते, दुधाचा रतीब तुटतो, म्हशीला दगडी, म्हणजे कासेचा आजार, होते. म्हणून महिन्यातून चार दिवस धार दुसऱ्या हातानं काढायची, म्हणजे जनावराला तो हात ओळखीचा होतो. तसंच घरातल्या एका तरी पुरुषाला खिचडी आणि कण्या शिजवता आल्या पाहिजेत. आठवड्यातून एक रात्र त्याला चुलीपुढं बसवा. माझ्या थोरल्या दिरांनी सत्तरीत पहिल्यांदा खिचडी लावली, करपली, पण सगळ्यांनी खाल्ली.

आजाऱ्याजवळ एकानंच जायचं, शक्यतो साठीच्या आतल्या आणि धडधाकट माणसानं, गरोदर बाईनं नाही. आमच्याकडं नेमकं उलटं होतं: 'सुनेला कशाला, मीच बघते' म्हणून साखरेची सासू पुढं होते. जवळ जाताना चांगला, नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क. पदर किंवा रुमाल धुळीला चालतो, यासाठी नाही.

दवाखान्यात कधी न्यायचं, हे घरानं आधी शिकून ठेवावं, कारण ऐनवेळी दहा माणसं दहा सल्ले देतात. ऑक्सिमीटर असेल तर उत्तम. पेटीत ठेवताना त्याचे सेल काढून ठेवा, नाहीतर वर्षानं गंजलेला निघतो. नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. बोट गार असेल तर चोळून गरम करा. करोनात ९४ च्या खाली आला की डॉक्टरला फोन आणि ९० च्या खाली आला की गाडी, असं धरलं होतं. पुढचा रोग फुप्फुसाचा नसला तर हा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसेल, हेही लक्षात असू द्यावं.

यंत्र नसेल तर श्वास मोजा. हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं आणि यानं मी लेकरं वाचलेली पाहिली आहेत. लेकरू शांत असताना, रडत नसताना, झबलं वर करून पोटाकडं बघायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं; अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त असतील तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, लेकरू अंगावर पीत नसेल, सुस्त पडत असेल तर मोजायलाही थांबायचं नाही. मोठ्या माणसाचे श्वास आराम करताना मिनिटाला २४ च्या वर गेले तर दाखवायचं, ३० च्या वर गेले तर गाडी बोलवायची. 'दम लागूलालाय, पर झोपला की बरं वाटंल' असं म्हणत रात्र काढलेली माणसं सकाळी हाताला लागत नाहीत. याला आकडा हवा. आकडा असला की घरातली भांडणं थांबतात.

फोनवर १०८, १०४ आणि गरोदर बाईसाठी १०२ हे सगळ्यांना पाठ आहेत असं आपण समजतो. दारामागं खडूनं लिहून ठेवा. शेजारी आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्डाच्या झेरॉक्सची पिशवी खिळ्याला अडकवा. महात्मा फुले योजनेत रेशनकार्डावाचून दवाखान्यात खेटे पडतात. थोडी रोकड, तीही शंभर-पन्नासच्या नोटांत. पैसे खात्यावर आणि फोनचा पिन पुण्याच्या मुलाला माहीत, अशी कितीतरी म्हातारी घरं आहेत.

बीडकडं नोकरी केल्यामुळं ऊसतोडीला जाणाऱ्यांना विसरता येत नाही. दिवाळी झाली की कोयता घेऊन टोळ्या निघतात, चार-पाच महिने घर म्हणजे उसाच्या फडाशेजारची खोपी. मार्च २०२० मध्ये या टोळ्या कारखान्यांवर अडकल्या. एप्रिलात तपासणी करून गावी आणायची परवानगी निघाली, तोवर गावात उरलेली आजी आणि नातवंडं वाट बघत बसली. त्यांच्या घराची तयारी पत्र्याच्या पेटीत मावली पाहिजे: लेकराचं लसीकरणाचं कार्ड, रोजच्या गोळ्या, ओआरएस, श्वास मोजायचे आकडे लिहिलेला कागद. रेशन आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही उचलता येतं, हे मुकादमानं सांगायला हवं. बरेच सांगत नाहीत. आणि मागं राहिलेल्या म्हातारीकडं चार दिवसांनी कोण डोकावेल, हे निघण्याआधी ठरलेलं असावं.

त्या उन्हाळ्यात बदनापूर-करमाडच्या मधे रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडं पायी निघाले होते. तिथून पायीच निघावं लागेल अशी वेळ माणसांवर आली, त्याची जबाबदारी घरावर टाकता येत नाही, हे मला कळतं. घरानं किती आणि सरकारनं किती, हा वाद मी नोकरीत भरपूर ऐकला. मी घरापुरतं लिहिते आहे, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा होते. दरवर्षी तेच विषय, तोच कोरम. यंदा आमच्या वाडीत मी तीन प्रश्न लिहून दिले आहेत: शाळेच्या खोलीची किल्ली साथीत कुणाकडं राहील, ज्यांचं घरात कुणी नाही अशांची यादी कोण करेल, आणि १०८ दुसरीकडं गुंतलेली असली तर रात्री गाडी कुणाची. गाडीचं मी आधीच विचारून पाहिलं. वाडीत जीप दोन आहेत. एकीचा विमा संपला आहे. दुसरीचा मालक म्हणाला, आजाऱ्याला न्यायला देतो, फक्त चालवणारं माणूस तुम्ही आणा. वाहन चालवायचा परवाना असलेल्यांची नावं काढली तर निम्मी पोरं हैदराबादला आणि पुण्याला. इथं राहणाऱ्यांत तिघं निघाले, त्यात माझी सून. तिनं उदगीरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता रात्री चालवून बघायचा म्हणून कालच गाडी मागून घेतली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. उदगीर, जि. लातूर
(नाव छापू नये ही विनंती)